स्लो कुकर, फुटलेलं झाकण आणि वायर कापायचा हुकूम

‘उपकरणाची वायर कापा, कापलेली वायर आणि अनुक्रमांक दिसेल असा फोटो पाठवा, नवा कुकर घरपोच मिळेल.’ ग्राहकसेवेकडून आलेलं हे उत्तर मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं, कारण मलाच ते खरं वाटेना. मोडलं काय होतं, तर आमच्या स्लो कुकरच्या, म्हणजे विजेवर मंद आचेनं तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्याच्या, झाकणाची मूठ. प्लास्टिकची मूठ वाफेनं तडकली, एका संध्याकाळी ती हातात राहिली आणि काचेचं झाकण फरशीवर गेलं. कुकर ठणठणीत, आतलं मातीचं भांडं ठणठणीत. मी म्हटलं, झाकण द्या, पैसे घ्या. तर सुटं झाकण विकत नाहीत. वॉरंटीत अख्खा नवा कुकर मिळेल, पण आधी हा निकामी करून दाखवा. जुनी वस्तू परत मागवण्याचा खर्च नको आणि आम्ही ती दुसऱ्याला विकायलाही नको, म्हणून हा उपाय. हिशेब समजतो. पण चालू यंत्राची वायर स्वतःच्या हातानं कापायची? आमच्या घरात मिक्सरची जुनी भांडीसुद्धा कुणी टाकत नाही.

रागातच लिहायला बसले आहे, पण जवळपास वर्षभर वापरल्यावर कुकरबद्दल बरंच चांगलं सांगण्यासारखं आहे, तेही सांगते.

आम्ही ओहायोत राहतो. घरात चार माणसं, उन्हाळ्यात सासूबाई आल्या की पाच. मॉडेल नेहमीचंच: ६ क्वार्ट (साधारण पावणेसहा लिटर), लंबगोल, डिजिटल, वेळ संपली की आपोआप ‘वॉर्म’वर जाणारं. ‘लो’ आणि ‘हाय’चा घोळ पुष्कळांच्या डोक्यात असतो म्हणून एवढं सांगते, की शेवटी दोन्ही उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतात. ‘हाय’ लवकर पोचतं, ‘लो’ रमतगमत. वीज म्हणाल तर नवऱ्यानं मोजायचा प्लग लावून पाहिलं. आठ तासांच्या मटणाला दीड-दोन युनिटच्या आसपास, म्हणजे पाव डॉलरच्या आगेमागे. मला वाटलं होतं दिवसभर चालणारं यंत्र बिल फुगवेल. तसं काही झालं नाही.

पहिले काही आठवडे मात्र मी वैतागले होते. तुरीची डाळ शिजते, पण वरण होत नाही. प्रेशर कुकरमधली डाळ पळीनं घोटली की कशी एकजीव होते, तसं इथे घडत नाही. दाणा मऊ पण वेगळाच राहतो. मोड आलेल्या मटकीचा दोन-तीन तासांपुढे गेलं की लगदा. चिकनचे ब्रेस्ट आठ तास ठेवले तर धागे सुटून कोरडे, त्यापेक्षा मांडीचे तुकडे घ्यावेत. बटाटा-गाजर वर टाकलं तर मांस शिजून जातं आणि गाजर कटकट वाजतं, म्हणून कंद तळाशी. चिंच, कोकम, टोमॅटो आधी घातले तर कडधान्य मऊ व्हायचं नावच घेत नाही.

आणि सासूबाई! “शिट्टी होत नाही, मग शिजलं कसं कळायचं?” असं म्हणत त्या दर अर्ध्या तासानं झाकण उघडायच्या. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि पुन्हा तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. “आई, झाकण उघडू नका ना,” म्हटलं की “अगं नुसतं बघतेय” हे उत्तर ठरलेलं. त्यांना गप्प केलं ते मटणानं.

इथे हलाल दुकानात बकऱ्याचं मटण मिळतं, हाडासकट, बरंचसं जून. प्रेशर कुकरमध्ये त्याचं कधी चामडं होतं, कधी चिंध्या. ‘लो’वर आठ तास ठेवलं की शिरा आणि कूर्चेतला चिवटपणा हळूहळू विरघळून रश्श्यात उतरतो, हाड बोटानं सुटतं, रस्सा ओठाला चिकटतो. पण कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण हे कढईत खमंग भाजूनच वाटण करायचं. हे यंत्र काही भाजत नाही; कच्चं वाटण घातलंत तर संध्याकाळी कच्चट वासाचं पांढुरकं पाणी मिळेल. पाणी जेमतेम अर्धी वाटी. काहीच आटत नाही, उलट मटणाचं पाणी सुटतं. तर्री आपोआप येणार नाही, तेव्हा वाढायच्या आधी छोट्या कढल्यात तेल तापवून कांदा-लसूण मसाल्याची फोडणी वरून ओतायची. कोथिंबीरही शेवटी. सासूबाई भाकरी मोडून खाऊ लागल्या आणि पहिल्या घासाला म्हणाल्या, “साताऱ्याला न्यायचा का एक?” तिथे २३० व्होल्ट, इथे १२० व्होल्ट, हे समजावण्यात त्या दिवशीचं जेवण संपलं.

राजम्याबद्दल मात्र थट्टा नको. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीनं नष्ट होतं, पण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसतं कोमट कोमट शिजवत ठेवलं तर विषारीपणा उलट वाढू शकतो. मग उलट्या, जुलाब. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा, मग कुकरात घाला. मी मुलांच्या आवडत्या चिलीसाठी सरळ डब्यातला राजमा वापरते, तो शिजवलेलाच असतो. टर्कीचा खिमा, ढोबळी मिरची, जिरं, तिखट, वर किसलेलं चीज. पोहण्याच्या क्लासवरून आलेली मुलं दोन-दोन वाट्या खातात.

गंमत अशी की हे यंत्र कडधान्यासाठीच जन्मलं. आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाला त्याच्या आईनं लिथुआनियातल्या आपल्या गावची गोष्ट सांगितली होती. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी चोलंटची हंडी, म्हणजे बीन्स आणि मांस, गावच्या बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवायची. त्यावरून त्यानं विजेची हंडी केली, १९४० मध्ये पेटंट मिळवलं आणि तिला नाव दिलं ‘नॅक्सन बीनरी’. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा घेतला आणि पुढच्या वर्षी हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं.

सणासुदीला तर याला तोड नाही. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, ओव्हन सकाळपासून टर्कीनं अडवलेलं असतं. शेजारणीनं सांगितल्याप्रमाणे मी घोटलेले बटाटे लोणी-दुधासकट यात ‘वॉर्म’वर ठेवले, जेवणापर्यंत गरम आणि मऊ राहिले. जेवण झाल्यावर त्याच भांड्यात सफरचंदाचा सायडर. दालचिनी, लवंग आणि माझी भर म्हणून सुंठ. कोजागरीला इथे अंगणात हुडहुडी भरते. मसाला दूध गॅसवर आटवून यात ओतलं आणि पाहुणे आपापलं घेत राहिले. साजूक तूपही फार छान होतं. चार कांड्या, म्हणजे ४५४ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, झाकण तिरकं ठेवून ‘लो’वर तीनेक तास. जळायची भीती जवळजवळ नाही. बेरी मात्र फिकट, ज्यांना ती तांबूस आणि साखर घालून खायची सवय आहे त्यांची निराशा होईल. सासूबाईंची झाली.

आता पुन्हा वायर. ती दोन फुटांची आहे. मला आधी वाटलं कंपनीनं तांबं वाचवलं. तसं नाही. लांब वायर ओट्यावरून लोंबली तर पोर ओढतं आणि उकळता रस्सा अंगावर घेतं. शिवाय इथल्या वीजनियमांत भिंतीलगतच्या ओट्यावरची कुठलीही जागा प्लगपासून २४ इंचांपेक्षा लांब नसावी असं आहे, त्यामुळे नव्या घरात दोन फूट पुरतात. आमचं घर १९६० च्या दशकातलं. पूर्ण ओट्याला एकच प्लग, तोही सिंकच्या डोक्यावर. वाढीव वायर वापरू नका असं माहितीपुस्तक ठणकावतं. म्हणजे आठ तास सिंकशेजारची जागा गेली, भांडी घासताना कोपर गरम कडेला लागतो. या दोन फुटांवर मी वर्षभर जितकी चिडले तितकी बाकी कशावरच नाही. आणि तीच कापा म्हणतात!

आणखी एक मत बदललं. डिजिटल घेतल्याचा मला अभिमान होता. ऑफिसात उशीर झाला तरी कुकर स्वतः ‘वॉर्म’वर जातो. मग एका वादळात दुपारी घटकाभर वीज गेली, परत आली, पण कुकर आला नाही. संध्याकाळी कोमट पाण्यात अर्धवट चिकन. किती वेळ तसं होतं ते कळायला मार्ग नाही, म्हणून सगळं फेकलं, पाच पौंड. साध्या फिरकीचा, म्हणजे बटण फिरवून लावायचा कुकर वीज आल्यावर आपला आपण सुरू होतो.

तर वायर मी कापली नाही. नवरा म्हणाला, फुकट नवा मिळतोय, शिवाय जुनं भांडं जादाचं राहील. त्याचं गणित बरोबर आहे. तरीही नाही. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, सहा डॉलरला फिरकीचा जुना ६ क्वार्ट मिळाला, झाकणासकट. ते झाकण आमच्या भांड्यावर एका बाजूनं किंचित उठतं, पण चालतं. पार्टीला आता दोन्ही यंत्रं लागतात. एकावर झाकण, दुसऱ्यावर पिठलं करायच्या कढईचं ताट.

जुना घेणार असाल तर अन्न घालायच्या आधी एवढं करा. भांडं पाण्यानं अर्धं भरा, झाकण लावून ‘लो’वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर बुडवा. १८५ ते २०० अंश फॅरनहाइट आलं तर ठीक. त्याहून कमी आलं तर मांस शिजवू नका, दुकानात परत देऊन या. भांड्याच्या तळाला नखानं चाचपून चीर नाही ना तेही बघा, आणि झाकणाची मूठ स्क्रूनं बसवलेली, बदलता येण्याजोगी आहे का तेही. माझ्या सहा डॉलरवाल्याचा आकडा १९१ आला. शनिवारी त्यात पाया लावणार आहे.