न्हावा-शेवा बंदर: द्राक्ष निर्यातदाराचा अभिप्राय
नाशिकची द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या निर्यातदाराला न्हावा-शेवा बंदराची सेवा एकंदरीत समाधानकारक वाटते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी बंदरात देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल (कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा तळ) उभे राहिले आणि २०२२ मध्ये बंदराचे सरकारी प्राधिकरण स्वतः चालवत असलेले कंटेनर टर्मिनलही खासगी हाती गेल्याने, प्राधिकरणाची भूमिका आता प्रामुख्याने टर्मिनल चालवणाऱ्यांना जागा देणाऱ्या जमीनमालकाची उरली आहे. टर्मिनलांमधील स्पर्धेमुळे आम्हाला पर्याय मिळाले, हे मान्यच करावे लागेल. परंतु ऐन हंगामात रीफर (शीतगृहासारख्या थंड) कंटेनरचा ट्रेलर वाहतूककोंडीत अडकला, की धक्क्यावरील अवाढव्य क्रेनच्या वेगाचे कौतुक (छायाचित्रांत ते फार शोभते) तिथेच ओसरते. क्लिअरिंग एजंटकडून (सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या मध्यस्थाकडून) किरकोळ शुल्कांचा तपशील आधीच लेखी घ्यावा.