कानामागचं श्रवणयंत्र: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव कानामागे बसणाऱ्या, बारीक वायरीच्या टोकाला रिसीव्हर (कानात आवाज सोडणारा इवलासा स्पीकर) असलेल्या जोडीचा आहे. दुकानात याला ‘आरआयसी’ म्हणतात. बॅटरी ३१२ नंबरची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत जे बरं-वाईट घडतं ते बहुतेक सेटिंग आणि ओलावा यांवर ठरतं. वापरणारे आज्जा सत्तरीपुढचे, दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणा, उमेदीची वर्षं सगळी बेळगावातल्या वडगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली.

आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, वाचायला शिका. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. आडवे आकडे २५० ते ८००० हर्ट्झ (सूर किती उंच), उभे आकडे डेसिबल (आवाज किती मोठा), आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. वयामुळे आलेल्या बहिरेपणात रेघ डावीकडे बरी असते आणि २००० च्या पुढे घसरते. मागाचा आवाज बहुधा ४००० च्या आसपास खड्डा पाडतो. स, श, थ, फ यांचा जोर याच वरच्या भागात असतो, म्हणून ‘आवाज येतोय पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते, नाटक नव्हे. घरचे ओरडतात तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं जागच्या जागी राहतात. समोर येऊन, सावकाश बोललेलं जास्त कळतं.

आपल्या भागासाठी एक गोष्ट महत्त्वाची. शिट्टीसारख्या सुरांच्या चाचणीनंतर शब्द ऐकवून चाचणी घेतात. बेळगावात हे शब्द कन्नड असू शकतात. ज्यांचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, त्यांचे गुण तिथे कमी येतात आणि कान आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. मराठी शब्दांची यादी आहे का, हे आधीच विचारा. नसेल तर निदान त्या आकड्यावर फार विसंबू नका.

यंत्र कानात घालून कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं दाबली की फिटिंग झालं, असं नसतं. कानाच्या नळीत बारीक प्रोब ट्यूब घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजता येतं. ही सोय जिथे आहे तिथेच घ्या, थोडं लांब पडलं तरी. पहिल्या वेळी आवाज मुद्दाम पूर्ण देत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी परत गेलं की वाढवतात. हा दुसरा-तिसरा फेरा लोक चुकवतात आणि मग यंत्र कपाटात जातं. एक गंमत: रोज किती तास घातलं ते यंत्र लिहून ठेवतं, ऑडिओलॉजिस्टला (कान तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञाला) कॉम्प्युटरवर दिसतं. ‘दिवसभर घालतो’ म्हणून भागत नाही. सुरुवात घरात, दोन-तीन तास, एका माणसाशी बोलत करावी. भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो. काही आठवड्यांत बरंच बसतं. घुमणं गेलंच नाही, तर डोम (टोकाची सिलिकॉनची टोपी) जास्त उघड्या प्रकारचा लागतो.

आता खरा शत्रू, पावसाळा. खानापूर-जांबोटीकडे तर भिंतीही ओल धरतात. रात्री यंत्र कोरड्या कापडाने पुसायचं, बॅटरीचं दार उघडायचं आणि सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. बॅटरी डबीबाहेर काढून ठेवा, नाहीतर जेल तिलाच सुकवतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले, की ते ओलावा ओढत नाहीत. ते सुकवायची किंवा बदलायची रीत पाकिटावर असते. हेअर ड्रायर, ऊन, चुलीजवळची ऊब, हे काही नको.

आवाज अचानक बारीक झाला की लोक बॅटरी बदलतात. बऱ्याचदा दोष मळाच्या फिल्टरचा (रिसीव्हरच्या तोंडावरच्या बारीक जाळीचा) असतो. डोम ओढून काढा. फिल्टरच्या काडीला दोन टोकं असतात: रिकामं टोक जुन्या फिल्टरमध्ये दाबून सरळ बाहेर ओढायचं, काडी उलटी करायची, नवा फिल्टर दाबून बसवायचा. डोम परत चढवल्यावर हलकेच ओढून बघा. सैल डोम कानातच राहतो आणि मग डॉक्टरकडेच जावं लागतं. सुई घालून फिल्टर साफ करू नये, रिसीव्हर जातो. कान साफ करायला इअरबडही नको, मळ आत दाबला जातो. लसणीचं कोमट तेल तर नकोच, कानाच्या पडद्याला भोक असेल तर नवीच आफत.

३१२ बॅटरीचा स्टिकर तपकिरी. स्टिकर काढला की हवा लागून बॅटरी चालू होते, तो परत चिकटवून ती थांबत नाही. काढल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मग बसवा. साधारण आठवडाभर चालते. नातवंडांपासून लांब ठेवा. गिळली तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

शिट्टी वाजते ती बहुतेक डोम सैल किंवा कानात मळ यामुळे. मफलर किंवा कानटोपी माइकवर आली तरी वाजते. फोन कानाच्या भोकाला नाही, थोडा वर, माइकपाशी धरायचा.

रोज सकाळी दोन मीटरवरून पाठमोऱ्या माणसाला आ, ई, ऊ, म, श, स म्हणून दाखवा, आणि त्याने तेच परत म्हणायचं. ‘स’ गेला की फिल्टर किंवा ओलावा तपासा.

यंत्र कुठे कमी पडतं? गणपत गल्लीतल्या गर्दीत. पाठ गोंगाटाकडे आणि तोंड बोलणाऱ्याकडे ठेवलं की पुढचा माइक थोडी मदत करतो, पण पूर्ण नाही. कीर्तनाला भोंग्याजवळ नव्हे, बुवांच्या जवळ बसवा. विसर्जनाच्या डॉल्बीपुढे यंत्र काढून डबीत ठेवायचं. उघड्या डोममधून बाहेरचा आवाज तसाच आत येतो, म्हणजे बंद करून कानात ठेवलेलं यंत्र हा काही आवाज अडवणारा बोळा नव्हे. ८५ डेसिबल कानाला आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मागावर अजून काम करणाऱ्या पोरांनी फोमचे बोळे वापरावेत: बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने दाबून धरायचा.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं गेलं, तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. औषधाचा उपयोग सुरुवातीलाच होतो.

खर्चाचं म्हणाल तर श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. उत्पन्न कमी असेल आणि अपंगत्व प्रमाणपत्र असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं. ते बहुधा साधं, कानामागचं असतं आणि मोल्डची (कानाच्या मापाने केलेल्या तुकड्याची) नळी कडक झाली की बदलावी लागते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ‘साउंड अॅम्प्लिफायर’ घेऊ नका, ते सगळंच सारखं मोठं करतात, भांडंही आणि बोलणंही. घेताना रिसीव्हरची वॉरंटी वेगळी विचारा, कारण आधी तोच जातो. मागवताना डावा की उजवा आणि वायरीची लांबी दोन्ही सांगा. लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची.