एनक्लेक्स-आरएनचा प्रश्नसंच: बरेच महिने वापरल्यानंतर

अमेरिकेबाहेर शिकलेल्या नर्सला तिथे आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा टळत नाही. त्यासाठी एक ऑनलाइन प्रश्नसंच घेतला, ड्यूटी सांभाळून बरेच महिने वापरला, परीक्षा पास झाले आणि आता निवांत लिहितेय. नाव देत नाही, कारण या प्रकारचे बहुतेक संच थोड्याफार फरकाने सारखेच दिसतात.

आधी जमेची बाजू. प्रश्नांपेक्षा त्यांची स्पष्टीकरणं जास्त कामाची आहेत. बरोबर उत्तर का बरोबर हे कुठलंही गाइड सांगतं. इथे उरलेले तीन पर्याय का चूक, हेही नीट लिहिलेलं असतं, आणि आपल्यासारख्यांचं खरं शिक्षण तिथेच होतं. कारण आपल्याला आजार माहीत असतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: अमेरिकेतल्या आरएनने स्वतःच्या अधिकारात काय करायचं, कुणाला काय सोपवायचं आणि डॉक्टरला कधी बोलवायचं.

एक प्रश्न बघा. रक्त चढवायला सुरुवात होऊन थोडाच वेळ झालाय, पेशंटला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय. सर्वात आधी काय कराल? पर्यायांत डॉक्टरला कळवणं आहे, व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, ताप वगैरे) घेणं आहे, रक्तपेढीला फोन आहे आणि रक्त थांबवणं आहे. डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करायचं नाही अशा वॉर्डात जिची वर्षं गेली, तिचा हात आधी पहिल्या पर्यायाकडे जातो. पण उत्तर आहे रक्त थांबवा. मग नवी ट्यूबिंग लावून नॉर्मल सलाइनवर शीर चालू ठेवायची, त्यानंतर कळवायचं. जुन्याच सेटमधून सलाइन सोडलं तर नळीत उरलेलं रक्त पेशंटच्या अंगात जातं, हे स्पष्टीकरणात दिलेलं होतं. असे शेकडो प्रश्न सोडवले की प्रत्यक्ष काम करतानाही डोकं त्याच क्रमाने चालायला लागतं.

कामं सोपवण्याचा भाग मला सगळ्यात जड गेला. आरएन, एलपीएन (आरएनच्या हाताखालची परवानाधारक नर्स) आणि मदतनीस यांच्या कामांच्या सीमा तिथे कडक आहेत. पहिली तपासणी, शिकवणं आणि परिणाम जोखणं आरएननेच करायचं. स्थिर पेशंटला भरवायचं काम मदतनीसाला देता येतं, पण नुकताच स्ट्रोक झालेल्याला पहिला घास द्यायचा असेल तर नाही, कारण तिथे गिळता येतंय का हे जोखायचं असतं. जिथे सिस्टर, मावशी आणि पेशंटची मुलगी मिळून सगळं उरकतात, तिथून आलेल्या नर्सला हे पुस्तक वाचून पचत नाही, प्रश्न सोडवूनच पचतं. या विषयाचे प्रश्न संचात भरपूर होते. त्यासाठी पैकीच्या पैकी.

औषधांच्या बाबतीत मात्र परदेशी नर्सचा विचार कुणी केलेला दिसला नाही. परीक्षेत बहुतेक वेळा जेनेरिक नावंच येतात, तीही अमेरिकेतली. पॅरासिटामॉलचं असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, पेथिडीनचं मेपेरिडीन. एक साधा तक्ता दिला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी वहीच्या मागच्या पानावर माझा मीच केला.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललं. आता प्रत्येकाला सहा-सहा प्रश्नांच्या तीन केस स्टडी येतात. शिवाय ‘बो-टाय’ नावाचा प्रकार येऊ शकतो: मधे एक निदान, एका बाजूला दोन कृती, दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी. लॅपटॉपवर हे छान चालतं. मोबाइल अॅपवर वैताग. नर्सच्या नोंदी, व्हायटल्स, लॅब रिपोर्ट असे वेगवेगळे टॅब, आणि एक उघडला की प्रश्नच दिसेनासा होतो. बसमध्ये सुटे प्रश्न सोडवा, केस स्टडी घरी ठेवा.

‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रकारात आता अर्धवट गुण मिळतात. बरोबर निवडीला एक मिळतो, चुकीच्या निवडीला एक जातो, मात्र शून्याखाली जात नाही. म्हणजे शंका असलेल्या पर्यायावर उगाच टिचकी मारायची नाही. संचातही गुण असेच मोजले जातात, त्यामुळे ही सवय आपोआप लागली.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे संचात पडद्यावर दिसणारी टक्केवारी. खरी परीक्षा उत्तरागणिक प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. किमान ८५, कमाल १५० प्रश्न, पाच तास. तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की ८५ नंतर मशीन कधीही थांबतं. मोजले न जाणारे १५ प्रश्नही त्यातच मिसळलेले असतात. त्यामुळे चांगला अभ्यास झालेल्यालाही निम्मं चुकल्यासारखं वाटतं. संचातले प्रश्न असे बदलत नाहीत. तरीही काही मैत्रिणी सकाळची टक्केवारी बघून दिवसभर तोंड पाडून बसायच्या. मी तो आकडा बघणं सोडून दिलं आणि कुठल्या विषयात सारखं चुकतंय तेवढंच बघत गेले. संचात तो तक्ता चांगला आहे, पण दोन मेनूंच्या आत दडवलाय.

व्हिडिओंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बघितले, विसरले.

खर्चाचं गणित आधी मांडा. परीक्षेची नोंदणी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर द्यायची तर वर १५० डॉलर आणि कर. कागदपत्रांच्या पडताळणीचे पैसे वेगळे. नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि तोवर संचाची मुदत संपली तर नूतनीकरणाचे पैसे पुन्हा. त्यात कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) जाऊन मूल्यमापन होईपर्यंत महिनेच्या महिने जातात, आणि आपण उत्साहात आधीच घेतलेल्या संचाचे दिवस मात्र रोज कमी होत राहतात. परीक्षेला बसायची परवानगी, म्हणजे एटीटी, आली की तिचीही मुदत असते आणि ती वाढवून मिळत नाही. तोवर जुन्या पुस्तकांवर भागवा, एटीटी दृष्टिपथात आली की संच घ्या. व्हिडिओंशिवायचं पॅकेज मिळत असेल तर तेच घ्या.