देव दिसतो, पण पार्श्वसंगीत आवरा

निसर्गकवितांतून देव शोधणारा हा श्राव्य संच मी सकाळी चालताना ऐकते. निवड करणाऱ्याला दाद द्यायला हवी. तुकोबांनी झाडावेलींना सोयरे म्हटलं, त्याच्या पाठोपाठ थेट इंग्रज कवी हॉपकिन्स! हा जेझुइट पाद्री १८८९ मध्ये गेला, कवितांचं पुस्तक आलं १९१८ मध्ये, आणि त्याच वर्षी आपले बालकवी गेले. हॉपकिन्सला देवाची करणी ठिपक्याठिपक्यांत दिसते: माशाच्या अंगावर, पाखराच्या पंखात. बालकवींच्या श्रावणात बायका देवदर्शनाला निघतात, आणि कवी म्हणतो, श्रावणाचं गाणं त्यांच्या चेहऱ्यावरच वाचा. देवळापर्यंत तो जातच नाही. मला हे जास्त भावतं.

वाचन करणारीचा आवाज शांत, उगाच गहिवर नाही. पण मागे सतत बासरी आणि पाखरांचा किलबिलाट! तुकोबांच्या अभंगात पक्षी आळवतात, नेमकी ती ओळच या किलबिलाटात बुडाली. शिवाय दोन कवितांमध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. अनुवाद मात्र सरळ, ओघवते.

पाचपैकी साडेतीन. संगीत बंद करायची सोय दिलीत तर साडेचार.