नवीन म्हणून तीन वर्षं वापरलेल्या हार्डडिस्क गळ्यात मारल्या, घरी नॅस करणाऱ्यांनी वाचा

गूगलचे फुकटचे 15 जीबी कधीच भरले होते. आईबाबांचे, ताईचे, आमचे फोटो चार फोनमध्ये आणि एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेले, त्यात लग्नाची व्हीएचएस डिजिटल करून आणलेली, आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या त्या वेगळ्याच. म्हटलं जुना पीसी पडलाय त्यालाच नॅस करू, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवरून एका जागी ठेवणारी पेटी, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅससाठीचं फुकट सॉफ्टवेअर टाकू, 8 टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये लावू, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही, एक गेली तरी दुसरी आहेच. प्लॅनिंगमध्ये दोन महिने घालवले बरं का! डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवणारी, लिहायला हळू एसएमआर डिस्क नको, पट्टे वेगळे ठेवणारी सीएमआरच हवी, नॅसवरचे व्हिडिओ दाखवणारं जेलीफिन टीव्हीवर चालेल का, सगळं वाचलं. डिस्क कुणाकडून घ्यायची यावर मात्र दहा मिनिटंसुद्धा नाही.

डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. एका गाळ्यात सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क ऑनलाइनपेक्षा नगामागे तीन हजारांनी स्वस्त होत्या. "बॉस, सील पॅक है, बिल चाहिए तो जीएसटी अलग." मी हुशार, बिल नको म्हटलं, त्याने वहीच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून सही ठोकली.

घरी येऊन चंदेरी पिशवी फोडली, स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितला, चालू तास 0, खराब सेक्टर 0. खूश! स्क्रूच्या भोकांपाशी बारीक ओरखडे दिसत होते पण मनात म्हटलं कारखान्यात टेस्टिंग करत असतील.

तिसऱ्या आठवड्यात एक डिस्क टकटक करायला लागली आणि मिररमधून बाहेर पडली. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की स्मार्टचे आकडे शून्यावर आणता येतात, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा आणखी एक लॉग असतो, त्यातही चालू तासांची नोंद असते आणि त्याला हात लावायचं या लोकांकडून बऱ्याचदा राहून जातं. डिस्क तपासायचं स्मार्टमॉनटूल्स हे फुकट सॉफ्टवेअर 7.4 किंवा त्यापुढच्या व्हर्जनचं असेल तर त्यातल्या स्मार्टसीटीएल या कमांडला मायनस एल फार्म देऊन तो बघता येतो. बघितला. एकीचे 26 हजार तास, दुसरीचे 31 हजार. वर्षाचे तास 8760, म्हणजे एक तीन वर्षं आणि दुसरी साडेतीन वर्षं अखंड फिरलेली! मिररचा काय उपयोग, दोन्ही म्हातारे एकाच गाडीत. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत अगदी हाच प्रकार उघडकीला आला होता, तिकडच्या बऱ्याच डिस्क चिया नावाच्या क्रिप्टोच्या मायनिंगमधून आल्या असाव्यात असा संशय होता. माझ्या कुठून आल्या देव जाणे.

कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर उत्तर आलं की ही डिस्क सर्व्हर बनवणाऱ्याला विकलेली आहे, वॉरंटीसाठी जिथून घेतली त्यांच्याकडे जा. हे मी पैसे द्यायच्या आधी, तिथेच दुकानात उभं राहून मोबाईलवर दोन मिनिटांत बघू शकलो असतो ना. कंपनीची चूक नाही यात, त्यांची साइट खरंच सांगत होती, मीच विचारलं नाही.

दुकानदाराकडे परत गेलो तर त्याला मी आठवेचना. चिठोऱ्यावर ना दुकानाचं नाव ना सिरियल नंबर. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला, पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? बसलो गप्प. शेवटी दोन्ही डिस्क त्यालाच निम्म्याहून कमी भावात परत दिल्या, घेताना म्हणतो कसा, "पुराना माल है, इतनाही मिलेगा."

फोटो वाचले ते बायकोमुळे. नॅसवर कॉपी झाल्या झाल्या मी जुनी एक्स्टर्नल डिस्क पुसून भाच्याला गेमसाठी देणार होतो, ती म्हणाली, "अहो, दिवाळीपर्यंत राहू दे की." आता पक्क्या बिलावर दोन नवीन घेतल्यात, फार्म लॉग आल्या आल्या बघितला, काल रात्रीपासून लाँग टेस्ट, म्हणजे अख्खी डिस्क वाचून बघणारी तपासणी, चालू आहे. जुनी डिस्क आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलीय आणि भाचा रुसलाय.