जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट : सहा महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू (रेटिंग 5 पैकी 3.5)

मी मूळची इचलकरंजीची, मागच्या सप्टेंबरात डॉर्टमुंडला मास्टर्ससाठी आले. यावर्षी ज्यांची मुलं जर्मनीला निघालीत त्यांच्या घरी आत्ता हाच विषय चालू असणार म्हणून सविस्तर लिहितेय. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. ते देणाऱ्या कंपनीचं नाव टाकत नाही, कारण सेवा सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच आहे आणि मला जो त्रास झाला तो कुठेही होऊ शकतो.

आधी घरच्यांसाठी एक गोष्ट. हे पैसे फी नाहीत. आमच्या पप्पांना शेवटपर्यंत वाटत होतं की बारा लाख जर्मनीला भरले म्हणजे गेले. तसं नाही, पैसे आपल्याच नावावर असतात, फक्त दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते. 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाचे 11,904 युरो दाखवायला लागतात, म्हणजे महिन्याला 992. त्याआधी 11,208 होते, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

खातं उघडणं एकदम सोपं, घरबसल्या पासपोर्ट अपलोड केला आणि दोन दिवसात कन्फर्मेशन आलं. खरी धावपळ पैसे पाठवताना. आम्ही पाठवले तेव्हा बँकेने 103 च्या आसपास रेट लावला, म्हणजे सव्वाबारा लाखाच्या वरच गेले. लोन सरकारी बँकेचं, साडेसात लाखाच्या वर तारण लागतं, शेतजमीन चालणार नाही म्हणाले म्हणून राहतं घर तारण ठेवलं, आणि 15 टक्के मार्जिन आपलं घालायला लागतं ते पप्पांनी पतसंस्थेतली ठेव मोडून घातलं. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराची, भीती सगळे घालतात पण 2025 च्या एप्रिलपासून लोनमधून गेलेल्या पैशावर तो लागत नाही आणि आपल्या खिशातले असतील तरी शिक्षणासाठी 10 लाखापर्यंत लागत नाही. फॉर्म भरताना मधल्या बँकांचे चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे हाच पर्याय घ्या आणि वर पन्नासेक युरो जास्तच टाका, कारण वाटेत वीस-पंचवीस युरो कापले गेले तर रक्कम अपुरी म्हणून व्हिसाचं सर्टिफिकेटच निघत नाही. माझ्या मैत्रिणीचे 18 युरो कमी पडले, तेवढ्यासाठी परत सगळी प्रोसेस करायला लागली आणि बँकेचे चार्जेस परत भरायला लागले.

आता दीड स्टार का कापला ते सांगते. इथे आल्यावर पैसे लगेच मिळत नाहीत. आधी घर पाहिजे, मग घरमालकाचं पत्र घेऊन महापालिकेत पत्त्याची नोंदणी, मग इथल्या बँकेत साधं खातं, मग त्या खात्याचा नंबर ब्लॉक्डवाल्यांना द्यायचा, तेव्हा कुठे पहिले 992 येतात. माझं घोडं नावावर अडलं. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडलांचं नाव आहे, आपल्याकडे बहुतेकांचं असतंच, मी ब्लॉक्डच्या फॉर्मवर फक्त माझं नाव आणि आडनाव टाकलं होतं आणि इथल्या बँकेने पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घेतलं. दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून 11 दिवस पैसे अडकले. रोज मेल करायचे, रोज तेच ठरलेलं उत्तर यायचं, फोन नंबरच नव्हता. त्या 11 दिवसात मला खोलीच्या डिपॉझिटचे 620 आणि पहिल्या महिन्याचं भाडं 310 द्यायचं होतं. मी फॉरेक्स कार्डवर 1500 युरो वेगळे आणले होते म्हणून निभावलं, नाहीतर परक्या गावात कुणापुढे हात पसरणार होते? डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, त्यामुळे 1500 च्या खाली आणूच नका.

992 मध्ये भागतं का, तर डॉर्टमुंडमध्ये भागतं. स्टुडंट हॉस्टेलची खोली 310, हेल्थ इन्शुरन्स दीडशेच्या आसपास, तो कंपल्सरी. रेडिओ-टीव्हीची फी घरटी 18.36 असते, आम्ही तिघी आहोत म्हणून वाट्याला सहा. मोबाईल 10. सेमिस्टर फी सहा महिन्यांनी तीनशेच्या वर जाते, पण त्यात अख्ख्या जर्मनीत चालणारा लोकल ट्रेन-बसचा पास येतो, त्यामुळे प्रवासाला वेगळा खर्च जवळपास नाहीच. खाण्याला 180 पुरतात. दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, तीन-चार युरोत पोटभर जेवण, शाकाहारी रोज असतं, आणि रात्री घरी पोळी-भाजी नाहीतर वरण-भात. तूरडाळ नि कणीक इंडियन दुकानातून महिन्यातून एकदा आणतो, बाकी सगळं लिडल-आल्डी या सुपरमार्केटात. सगळं जाऊन माझ्याकडे अडीचशेच्या वर उरतात, पण पहिल्या थंडीत जॅकेट, बूट, पांघरूण यात तेही गेले. म्युनिकला जाणाऱ्यांनी मात्र हा हिशोब धरू नये. तिथे नुसती खोलीच सहाशे-सातशेला जाते आणि टीयू म्युनिक या युनिव्हर्सिटीत 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून आपल्यासारख्यांना बहुतेक मास्टर्सला सेमिस्टरला 4000 ते 6000 फी आहे. ॲडमिशन लेटर हातात पडलं की त्याच दिवशी हॉस्टेलला अर्ज टाका, वेटिंग महिनोन्महिने असतं.

नोकरीच्या भरवशावर पहिलं सेमिस्टर धरू नका हे अगदी कळकळीने सांगते. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं आणि जानेवारी 2026 पासून तासाला किमान 13.90 मिळतात, ऐकायला छान वाटतं, पण जर्मन बोलता येत नसेल तर गोदामातलं काम सोडून फारसं काही हाती लागत नाही. मला मार्चमध्ये डिपार्टमेंटलाच आठवड्याला 8 तासाचं काम मिळालं, तेही बी वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन झालं होतं म्हणून.

आणि एजंट जे सांगत नाहीत ते हे. कोर्स दोन वर्षांचा, ब्लॉक्ड एका वर्षाचं. इथे राहण्याचं परमिट वाढवताना पुढच्या वर्षाचे पैसे परत दाखवायला लागतात, नाहीतर नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट नाहीतर स्कॉलरशिप. लोन मंजूर करून घेताना दोन्ही वर्षांचा राहण्याचा खर्च त्यात धरून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने फक्त पहिल्या वर्षाचं घेतलं, आता त्याचे आईवडील गावाकडे दुसऱ्या लोनसाठी बँकेच्या चकरा मारतायत आणि तो इथे रात्रपाळी करून परीक्षा देतोय, बघवत नाही.

माझं परमिट सप्टेंबरात वाढवायचंय. कामाच्या पगारात सगळं बसणार नाही, त्यामुळे उरलेल्या रकमेसाठी परत याच कंपनीकडे खातं उघडणार आहे. यावेळी नाव पासपोर्टवर आहे तस्सं, वडलांच्या नावासकट.