नवा म्हणून भंगारातला एसी माथी मारला, ३९,००० रुपये गेले

गाडी वडिलांची, २००८ची मारुती ८०० स्टँडर्ड, म्हणजे बिनएसीची. नागपूरचा मे महिना आणि आईची बायपास झालेली, म्हणून मे २०२५मध्ये एसी बसवायचाच असं ठरवलं. "भाऊ, कंपनी फिटेड किट, एकदम पेटीपॅक," गॅरेजवाला म्हणाला. ३२,००० ठरले, २०,००० आगाऊ दिले.

कॉम्प्रेसर टेबलावर ठेवलेला होता. काळा रंग इतका ताजा की बोटाला लागला. लेबलाची जागा घासलेली. पाइप जोडायच्या दोन्ही तोंडांत चिंध्यांचे बोळे. नवा कॉम्प्रेसर टोपणं लावून सीलबंद येतो, टोपण सैल केलं की आतला वायू फुस्सकन सुटतो. हे मला माहीत होतं! "पेटी कुठाय?" विचारलंसुद्धा. "फेकली." आणि मी गप्प बसलो. वीस हजार देऊन झाले होते, डॅशबोर्ड उघडून गाडी त्याच्या दारात पडली होती. अशा वेळी कोण भांडतं, सांगा. पण तिथेच हात धरायला हवा होता. रोज आठवतं.

गॅस दहा मिनिटांत भरला. व्हॅक्यूम पंप लावलाच नाही. निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, आत हवा आणि ओल राहते. समोर उभे राहा, चहाला जाऊ नका.

उरलेले १२,००० दिले. वर ब्रॅकेट-बेल्टचे ३,४००. मग गॅस उडाला म्हणून १,८००, पंधरा दिवसांनी पुन्हा १,८००. एसी लावला की सिग्नलवर गाडी बंद, कारण उभ्या गाडीत इंजिनाचा वेग (आयडल) वाढवायची जोडणीच केली नव्हती. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने उघडलं: कॉम्प्रेसरच्या तेलात धातूचा कीस, कूलिंग कॉइलला एम-सील, कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) भलत्याच गाडीचा, तारेने बांधलेला.

पोलीस चौकीत तीन फेऱ्या. एकदा साहेब बंदोबस्ताला. एकदा, "जुन्या गाडीला जुनंच सामान बसणार ना?" तिसऱ्यांदा, "हा दिवाणी मामला आहे." जुना माल नवा सांगून पैसे घेणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात तासभर ताटकळवून म्हणाले, पक्कं बिल आणा. बिल असतं तर इतका लाचार झालो असतो का? तेव्हाच्या २८ टक्के जीएसटीचे ८,९६० वाढतील म्हणून कच्च्या कागदावर तयार झालो, हे खरं. मध्यमवर्गीय माणूस तेवढे वाचवायला बघतोच. तुम्ही बघू नका. बिलावर 'नवीन' शब्द आणि कॉम्प्रेसरचा नंबर लिहून घ्या, नंबराचा फोटो बसवण्याआधी काढा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, हे त्या ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातल्या एकानेही सांगितलं नाही, मीच शोधलं. कॉम्प्रेसर गोणीत बांधून ठेवलाय, यूपीआयच्या नोंदी छापल्यात, दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी घेतलंय. येत्या सोमवारी तक्रार दाखल करतोय. त्याच्या दारावर 'कंपनी फिटेड एसी बसवून मिळेल' ही पाटी कालही होती.